एक गळा, तीन माणसं

जुन्या बाजारात फाटक्या पाकिटातली एलपी मिळाली : मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोडुनोव्ह’ या रशियन ऑपेरातले निवडक प्रवेश. आतला मजकुराचा कागद गायब. पण नाटक न बघता नुसती नाट्यपदं ऐकत वाढलेल्या माणसाला त्याचं काय?

सुई टेकवली आणि घंटा सुरू झाल्या. दोनच स्वरमेळ आलटूनपालटून आदळत होते. मग जमावाचा जयघोष, आणि तो थांबल्यावर खर्जातला एक पुरुषी आवाज. राज्याभिषेक असणार, एवढं कळलं. राजा इतका खिन्न का, ते कळेना.

पुढे तोच आवाज, पण संथ, एकांतातला; मागे तंतुवाद्यांची बारीक सरसर. राजाला वैराग्य आलं म्हणायचं! त्यापुढे पुन्हा तोच, आता पिऊन तर्र, आरोळ्या ठोकणारा. वैराग्य दोन मिनिटंही टिकलं नाही. मग परत गंभीर, मग कशाला तरी घाबरून धापा टाकणारा. शेवटी घंटा, मंत्रघोष आणि शांतता. मी थक्क. एवढ्या वेळात माणसाने किती कोलांट्या माराव्यात!

उलगडा पाकिटाच्या मागच्या बारीक टायपात झाला. गायक बोरिस क्रिस्टॉफ, बल्गेरियाचा. (बोरिसचं काम करणाराही बोरिसच!) त्याने 1952 आणि 1962 अशी दोनदा हा ऑपेरा ध्वनिमुद्रित केला आणि दोन्ही वेळा तीन भूमिका एकट्याने गायल्या : झार बोरिस, मठात बखर लिहिणारा म्हातारा पिमेन आणि लिथुआनियाच्या सीमेवरच्या गुत्त्यात कझानच्या वेढ्याचं गाणं म्हणणारा भटका साधू वार्लाम. ती सरसर म्हणजे पिमेनचा बोरू कागदावर चाललेला.

खिन्नतेचं कारणही सापडलं. 1591 मध्ये उग्लिच इथे छोटा राजपुत्र दिमित्री मेला. बोरिसनेच त्याला मारवलं, हे इतिहासात सिद्ध झालेलं नाही. पण पुश्किनच्या नाटकात आणि त्यावरच्या या ऑपेरात तो दोषीच आहे. 1598 मध्ये मिळालेलं सिंहासन त्याला सुखाने बसू देत नाही. त्या धापा मेलेलं पोर डोळ्यांपुढे उभं राहिल्याच्या होत्या.

सगळं समजून पुन्हा ऐकलं, तेव्हा शेवटच्या मंत्रघोषाचाही अर्थ लागला. मरणाच्या दारात झारला संन्यास देतात. बोरिस साधू होऊन मरतो. आणि पिमेनची बखर ऐकलेला त्याचा तरुण शिष्य ग्रिगोरी मात्र मठातून पळून, आपणच तो दिमित्री असं सांगत राजा व्हायला निघतो.

म्हणजे राजाला वैराग्य आलं, हा माझा तर्क अगदीच वाया गेला नव्हता. काही प्रवेश आधी केला, एवढंच.