कुंचल्याचा 'र'

कोपरखैरणे नावाने एक, पण वस्त्या दोन. एक सिडकोने आखलेल्या क्रमांकित सेक्टरांची, दुसरी त्यांच्या कुशीत उरलेली आगरी-कोळ्यांची जुनी. सेक्टरांतील दुकानांवर छापील फ्लेक्स झळकतात. गावठाणात मात्र लग्नघराच्या भिंतीवर वर-वधूंची नावे कुंचल्याने रंगवलेली अजूनही क्वचित दिसतात. माझी पावले तेथे थबकतात.

गेल्या वर्षी सणाच्या फलकासाठी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने संगणकावर अक्षरे मांडून आणली. वळण कुंचल्याचे, मोकळे. जणू कोणी सहज लिहून गेले असावे. पाहताच मन प्रसन्न झाले. मग ध्यानात आले, की 'परमेश्वराचा परिवार' या दोन शब्दांत 'र' चार वेळा येतो आणि चारही वेळा त्याची शेपटी तसूभरही हललेली नाही. हाताने असे कधी घडत नाही. रंगात बुडवलेला कुंचला पहिले अक्षर जाड उमटवतो, चौथ्यापर्यंत कोरडा पडू लागतो; जागा संपत आली की अक्षर अंग चोरते.

टंक घडवणाऱ्यांना हे ठाऊक नाही असे नव्हे. एकाच अक्षराची अनेक रूपे टंकात साठवून ती आलटून पालटून वापरण्याची सोय आज आहे. नागरीत हे काम कैक पटींनी वाढते. जोडाक्षरांचा पसारा केवढा! फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापावे लागले, त्यामागची अडचणही हीच, शेकडो खिळे पाडण्याची.

कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी तर प्रत्येक नाटकाच्या नावाला स्वतंत्र अक्षर दिले. वर्तमानपत्रातील जाहिरातीत नुसत्या वळणावरून नाटक हसवणार की रडवणार, याचा अंदाज येई. अशा हाताचा टंक कसा करावा? तरीही कॅथरीन ली श्मिट यांनी मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा' हा टंक बेतला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्या पाट्या रंगवणाऱ्यांची नावे कोणी विचारली होती?

आमचे फलक वर्षानुवर्षे रंगवणारे पेंटरकाका आता सत्तरीत आहेत. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे उरले ते दफनभूमीतील क्रुसांवर नावे लिहिण्याचे काम. मी त्या तरुणाला त्यांच्याकडे धाडले. काकांनी चष्मा पुसला, जुन्या वर्तमानपत्रावर चपट्या कुंचल्याने चार 'र' काढले, चार तऱ्हांचे, आणि म्हणाले, "बाळा, शेवटच्या 'र'ची शेपूट लांबव. पुढे कोणी उभे नाही, मग आखडायचे कशाला?"

तरुणाने ती अक्षरे संगणकात उतरवून घेतली आणि फलक छापून आला. मात्र मानधन कोणाला द्यायचे, छपाईवाल्याबरोबर अक्षरवाल्यालाही की काय, यावर धर्मग्राम मंडळात दोन बैठका झाल्या. काकांचे पाकीट तिसऱ्या बैठकीनंतर निघाले. रक्कम क्रुसावरील एका नावाइतकीच होती.