उन्हाळ्याआधी एसीकडे एकदा बघून घ्या



होळी झाली की आमच्या सोलापुरात एसीच्या मेकॅनिकचा फोन लागत नाही. लागलाच तर "काकू, चार दिवसांनी येतो" असं उत्तर मिळतं. आल्यावर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गॅस संपलाय." मागच्या आठवड्यात स्वाध्यायानंतर आम्ही आठ जणी बसलो होतो. त्यातल्या पाच जणींनी हेच वाक्य ऐकलेलं निघालं. एकीने तर लागोपाठ तीन उन्हाळे गॅस भरून घेतला होता, दर वेळी अडीच-तीन हजार मोजून. म्हणून या वेळी पापड-शेवयांचं राहू दे, एसीवर लिहिते.

काही जणी म्हणतील, एसी मुळात हवाच कशाला? प्रश्न बरोबर आहे. प्रत्येक घरात आणि प्रत्येक खोलीत तो हवाच असं नाही. आमच्याकडे सासूबाईंच्या खोलीत बसवला, कारण पंच्याऐंशीच्या पुढे त्यांना ऊन सोसेना आणि डॉक्टरांनीही तसं सांगितलं. पण वस्तू घरात आली की तिची निगा राखणं आपल्याकडे येतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेचा संबंध प्रमादाशी, म्हणजे आपल्या निष्काळजीपणाशी जोडलेला आहे. एसीला हे अगदी लागू पडतं. धान्यात सोंडे झाल्यावर निवडत बसण्यापेक्षा आपण आधीच त्याला ऊन देतो ना, तसंच हे. वेळेवर पुसलेल्या एसीत बुरशी होत नाही, शेवाळ होत नाही, घरटं होत नाही. दुर्लक्ष केलं की हे सगळं होतं, मग ते खरवडावं लागतं आणि पैसेही जातात.

आधी हे यंत्र काय करतं ते दोन ओळीत. एसी गारवा तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या आणि बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यातून गॅस गोल गोल फिरत राहतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं.

आतल्या युनिटमधून पाणी गळणं

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. खोलीतल्या हवेतली वाफ गार कॉइलवर पाणी होऊन खालच्या पन्हळीत पडते आणि ड्रेन पाइपने बाहेर जाते. कॉइलवर धूळ असेल तर ती पाण्याबरोबर पन्हळीत येते, ओलाव्यात तिचं बुळबुळीत शेवाळ होतं आणि पाइप तुंबतो. मग पाणी भिंतीवरून खोलीत येतं.

आधी बाहेरचं टोक बघा. पाइप कुठे मुडपला आहे का? मध्येच वर चढलाय का? झाडांसाठी बादली लावली असेल तर पाइपचं टोक पाण्यात बुडलंय का? बुडलं असेल तर पाणी नीट उतरत नाही. टोक नेहमी पाण्याच्या वर राहू द्या. हे सगळं ठीक असेल तर पाइप तुंबलाय असं समजा आणि मेकॅनिककडून साफ करून घ्या. ते काम फार वेळाचं नसतं. एसी बसवल्या दिवसापासूनच गळत असेल तर मात्र युनिट तिरकं बसलंय किंवा पाइपला उतार नाही. ते बसवणाऱ्यानेच दुरुस्त करायला हवं.

बादलीतलं पाणी फरशीला, झाडांना चालतं. त्यात कॉइलवरची धूळ असते, म्हणून पिण्याला किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत नको. आणि ते रोजच्या रोज रिकामं करा. साठवलं की डास होतात आणि मग फवारणीचं पाप डोक्यावर येतं.

थंड होत नाही

आधी रिमोट बघा. हसू नका, नातवंडांनी बटणं दाबलेली असतात. बर्फाच्या नक्षीचं चिन्ह म्हणजे 'कूल'. पंख्याचं चिन्ह असेल तर फक्त हवा येणार. रिमोट चालतोय का हे बघायचं असेल तर त्याचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये बारीक उजेड लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर पुढच्या कॅमेऱ्यात बघा. लाइट जाऊन आली तर तीन-चार मिनिटं थांबा. कॉम्प्रेसरला धक्का बसू नये म्हणून तो लगेच सुरू होत नाही. तेवढ्यात "बिघडला" म्हणून बटणं दाबत बसू नका.

मग जाळ्या. मेन स्विच बंद करून समोरचं झाकण उचला, जाळ्या सरकवून काढा. आधी मऊ कुंचल्याने हळूच झाडा, म्हणजे एखादा किडा-मुंगी असेल तर बाजूला होईल. नंतर साध्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि बसवा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करायचं. मी चतुर्दशीला करते, म्हणजे विसरायला होत नाही.

बाहेरच्या युनिटलाही मोकळी हवा लागते. उष्णता तिथूनच बाहेर पडते. त्याच्यावर ओली चादर टाकलेली, समोर कुंड्या आणि रिकामे डबे रचलेले, असं बऱ्याच घरी दिसतं. उष्णता बाहेर पडली नाही तर खोली गार कशी होणार?

कॉइलवर बर्फ

थंड हवा कमी येते आणि आत कॉइलवर पांढरं दिसतं. बर्फ दिसला की एसी खूप गार करतोय असं वाटतं, पण उलट आहे. जाळ्या तुंबल्याने हवा फिरत नसेल किंवा गॅस कमी असेल तर बर्फ जमतो. कूल मोड बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा आणि बर्फ आपोआप विरघळू द्या. सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने अजिबात खरवडू नका, नळीला भोक पडेल. जाळ्या स्वच्छ करूनही पुन्हा बर्फ आला तर मेकॅनिकला बोलवा.

"गॅस संपलाय"

मी बी.कॉम.ची, म्हणून हिशोबाच्या भाषेत सांगते. एसीतला गॅस हा खर्च नाही, भांडवल आहे. तो पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरतो. भांडवल कमी झालं असेल तर ते कुठून तरी गळतंय आणि ती जागा शोधल्याशिवाय नवीन भांडवल घालण्यात अर्थ नाही.

म्हणून मेकॅनिकला चार गोष्टी विचारा. पहिली, गळती कुठे आहे? साबणाचा फेस लावून किंवा नळीत नायट्रोजन भरून ती जागा शोधता येते. दुसरी, ती जागा बंद केली का? तिसरी, गॅस भरण्याआधी पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओलावा काढला का? चौथी, गॅस वजनकाट्यावर मोजून भरणार का? युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव, आर-32 किंवा आर-410ए, आणि किती ग्रॅम किंवा किलो हे छापलेलं असतं. जुन्या एसीत आर-22 असतो. पट्टीवर जो आहे तोच आणि तेवढाच भरायचा. पावतीवर वजन लिहून घ्या.

आमच्या त्या तीन उन्हाळेवाल्या मैत्रिणीने मागच्या वर्षी हे चार प्रश्न विचारले. नवीन मेकॅनिकने फेस लावला तर बाहेरच्या युनिटमागे नटाच्या जोडातून बुडबुडे आले. त्याने नळीचं टोक नवीन करून जोड घट्ट केला आणि मोजून गॅस भरला. अजून तरी पुन्हा भरावा लागलेला नाही.

हे फक्त पैशांपुरतं नाही. हवेत गेलेला एक किलो आर-32 शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे 675 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आर-410ए तर दोन हजार किलोंच्या वर. गळती तशीच ठेवून दरवर्षी गॅस भरणं म्हणजे पैसेही हवेत आणि तापही हवेत. आणखी एक, आर-32 थोडा ज्वलनशील आहे. त्याचं काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

बाहेरच्या युनिटवर कबुतर

गेल्या चैत्रात सासूबाईंच्या खोलीचा एसी थंड करेना. मेकॅनिक आला आणि गॅलरीतून म्हणाला, "काकू, मागे घरटं आहे. चार काड्या आहेत, काढून टाकतो." मी वाकून बघितलं. चार काड्यांवर दोन अंडी होती आणि कबुतर आमच्याकडे बघत बसलं होतं. त्याला म्हटलं, "दादा, आज राहू दे. चहा घे आणि जा."

मेन स्विच बंद केला. पण पंख्याखाली सासूबाईंचं कसं होणार, ही काळजी काही कमी नव्हती. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. कबुतराची अंडी उबायला साधारण अठरा दिवस लागतात आणि पिल्लू उडायला पुढे महिनाभर. म्हणजे सगळा चैत्र आणि अर्धा वैशाख. आमच्या ह्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं. सासूबाईंचा पलंग उत्तरेच्या खोलीत हलवला, कूलर लावला, खिडकीला वाळ्याची ताटी बांधली, दिवसातून दोनदा त्यांचं अंग ओल्या पंचाने पुसलं. मी सारखी "आई, त्रास होतोय का" विचारत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं, मला दुसरी खोली तरी आहे. तिला कुठंय?"

एक अंडं फुटलंच नाही. दुसऱ्यातलं पिल्लू वैशाखात उडालं. घरटं रिकामं झाल्याची खात्री केली, मगच साफसफाई केली. कबुतराची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका. तिची धूळ फुप्फुसाला वाईट. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून काढायची. कॉइल मागून पूर्ण बुजली होती, बिघाड एवढाच होता. धुतल्यावर एसी पहिल्यासारखा चालला.

त्यानंतर युनिटच्या मागे आणि वर जाळी बसवली. जाळी जाड आणि ताणलेली हवी. सैल नायलॉनमध्ये पक्ष्यांचे पाय अडकतात. पुढच्या पंख्याची हवा अडवायची नाही. आणि दर आठवड्याला एक नजर टाकायची, कारण अंडी घालण्याआधी दोन काड्या उचलणं सोपं आहे. एक गोष्ट मात्र बोलून दाखवते, राग मानू नका. जीवदया म्हणून त्याच गॅलरीत रोज ज्वारी टाकायची आणि तिथे अंडी झाली की मेकॅनिकला "तू बघ काय ते" म्हणायचं, हे जुळत नाही. पाप काही त्याच्या खात्यावर ढकलता येत नाही.

पाली आणि मुंग्या

हिवाळाभर बंद असलेल्या एसीत पाल बसलेली असू शकते. पहिल्यांदा सुरू करण्याआधी मेन स्विच बंद ठेवून टॉर्चने आत बघा, बाहेरून हलक्या टिचक्या मारा, थोडा वेळ थांबा. मग सुरू करा. भिंतीतून नळ्या जातात त्या भोकाभोवतीची फट पुट्टीने बुजवून घ्या. पाली-मुंग्या तिथूनच शिरतात, सर्किटवर जातात, त्यांचा जीव जातो आणि आपलं सर्किट.

हात लावू नये अशा गोष्टी

बाहेरच्या युनिटचं झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये स्विच बंद केल्यावरही विजेचा साठा राहतो. एमसीबी वारंवार पडत असेल, प्लग तापत असेल, जळका वास येत असेल तर एसी बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. पुन्हा पुन्हा एमसीबी उचलू नका. आणि वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर उतरणाऱ्या मुलाच्या कमरेला पट्टा आहे का ते बघा. नसेल तर "आणून मग कर" म्हणा. कबुतराची काळजी करणाऱ्या आपण, त्याचीही करायला हवी.

तापमानाचं एकच सांगते. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे एसी सुरू करताना 24 अंशांवर सुरू होतात. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. आम्ही 26 वर ठेवतो आणि पंखा मंद लावतो. सासूबाईंना तेवढं पुरतं.

घरखर्चाच्या वहीत एसीला एक पान द्या. जाळ्या कधी धुतल्या, मेकॅनिक कधी आला, काय केलं, गॅस किती ग्रॅम, किती रुपये. पुढच्या वेळी कोणी "गॅस संपलाय" म्हणालं की पान उघडून समोर ठेवायचं. आणि हे सगळं फाल्गुनातलं अष्टाह्निका पर्व सुरू व्हायच्या आत उरकून घ्या. सध्या मेकॅनिक मोकळे आहेत, काम निवांत करतात.

जय जिनेंद्र.