वाढत्या वयातील गुडघा आणि कूर्चेची शस्त्रक्रिया : एका पालकाचा अनुभव

गुडघ्यात एकमेकांवर फिरणाऱ्या हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे, पांढुरके आणि अतिशय गुळगुळीत असे जे आवरण असते त्याला कूर्चा म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे एकदा झिजलेली वा तुटलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही, हे निरीक्षण विल्यम हंटर या स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच नोंदवले होते. वाढत्या वयात ती दुरुस्त होण्याची शक्यता प्रौढांपेक्षा अधिक असली, तरी शल्यचिकित्सकापुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. ती म्हणजे वृद्धिपट्टी. मांडीच्या हाडाची लांबी ज्या कोवळ्या पट्ट्यांमुळे वाढते, त्यांपैकी गुडघ्याजवळच्या पट्टीचा त्या वाढीतील वाटा सुमारे ७० टक्के असतो, आणि तिला ड्रिलचा धक्का लागला तर पाय आखूड राहण्याचा किंवा वाकडा वाढण्याचा धोका असतो. म्हणून लहान मुलाचा गुडघा हा मोठ्या माणसाच्या गुडघ्याची छोटी आवृत्ती समजून चालत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मुलीला तेराव्या वर्षी झालेली दुखापत अशा कूर्चेचीच होती. खो-खोच्या सरावात हुलकावणी देताना पाय जमिनीला रोवलेला राहिला, शरीर वळले आणि गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकून आपोआप जागेवर आली. अशी वाटी परत येताना मांडीच्या हाडाच्या बाहेरील कडेवर आपटते आणि तेथील किंवा स्वतःच्या आतल्या पृष्ठभागावरील कूर्चेचा टवका, हाडाच्या पातळ थरासह, उडवू शकते. कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि टवक्याला चिकटलेले हाड फार पातळ असेल तर तेही नजरेतून सुटते. त्यामुळे पहिल्या दवाखान्यात ‘हाड शाबूत आहे’ असे सांगून क्रेप बँडेज बांधण्यात आले. गुडघा मात्र दोन-तीन तासांतच टम्म फुगला होता. पुढे अस्थिरोगतज्ज्ञांनी सुईने ते ‘पाणी’ काढले, तेव्हा ते पाणी नसून गडद रक्त निघाले, आणि स्टीलच्या ट्रेमध्ये त्या रक्तावर तेलाचे बारीक थेंब तरंगताना सर्वांनाच स्पष्ट दिसले. हे थेंब अस्थिमज्जेतील चरबीचे असतात, म्हणजेच आत कुठेतरी हाड उघडे पडलेले असते. एमआरआयमध्ये अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा सांध्यात सुटा फिरत असल्याचे आढळले.

तुकडा हरवला वा चुरडला गेला असेल, तर वेगळे मार्ग चोखाळावे लागतात. अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत उघड्या हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील रक्तापासून नवे आवरण तयार होऊ दिले जाते, परंतु ते तंतुमय आणि मूळ कूर्चेपेक्षा कमी टिकाऊ असते. हंगेरीतील लास्लो हँगोडी यांच्या पद्धतीत कमी भाराच्या जागेतून कूर्चेसह हाडाच्या छोट्या दंडगोलाकार गुटक्या काढून खड्ड्यात बसवतात. आणि स्वीडनमधील ब्रिटबर्ग व पीटरसन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून दुसऱ्या शस्त्रक्रियेत रोपण करतात. मूळ तुकडा ताजा आणि पाठीला हाड असलेला मिळाला, तर तो परत बसवणे हाच उत्तम उपाय, असे या प्रकरणातील शल्यचिकित्सकांचे ठाम मत होते. घाई करण्याचे कारणही त्यांनी समजावले : सांध्यातील द्रवात तरंगणाऱ्या तुकड्याच्या कडा फुगत जातात आणि मग तो आपल्याच खड्ड्यात बसेनासा होतो.

शस्त्रक्रियेत खड्डा खरवडून स्वच्छ करण्यात आला आणि तुकडा शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पिनांनी पक्का केला गेला, जेणेकरून त्या काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागू नये. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा फाटलेला अस्थिबंधही त्याच वेळी नव्याने बांधण्यात आला. त्याचे मांडीच्या हाडावरील टोक वृद्धिपट्टीला जवळजवळ खेटून असल्याने तेथील प्रत्येक छिद्र सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहूनच पाडले गेले.

त्यानंतरचा काळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड होता. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखवले होते की सांधा सतत, पण भार न देता, हलता ठेवल्यास कूर्चा अधिक चांगली भरते. त्यानुसार मुलीचा पाय रोज यंत्रावर ठेवून सावकाश वाकवला आणि सरळ केला जात असे, मात्र जमिनीवर टेकवण्यास सक्त मनाई होती. कुबड्या घेऊन शाळेत जाताना तिला सर्वाधिक त्रास झाला तो दुखण्याचा नव्हे, तर सुकत चाललेली मांडी पाहण्याचा, आणि ती पुन्हा भरेपर्यंत व्यायामाची चिकाटी टिकवणे हे साऱ्या घराचेच काम होऊन बसले. टाके निघाले की उपचार संपले असे मानून फिजिओथेरपी सोडणारी कुटुंबे फिजिओथेरपी केंद्रात वारंवार दिसत, आणि त्यांच्या मुलांचे आखडलेले गुडघे पाहून जीव तुटत असे.

पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे : पाय मुरगळल्यानंतर काही तासांतच मुलाचा गुडघा फुगला, तर तो चोळू नये, मालिश करणाऱ्याकडे नेऊ नये, आणि एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआयची गरज आहे का, हे अस्थिरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात विचारावे.