श्रावणातला पगार

हॉटेलात जेवून उठताना बिलाच्या बशीत टिप ठेवणं याला मी कित्येक वर्षं न्याय म्हणत आलो. मन लावून वाढलं त्याला जास्त, दुर्लक्ष केलं त्याला कमी. ज्याच्यासाठी काम केलं त्यानेच मोबदला ठरवावा, यापेक्षा चोख हिशेब कोणता, असं मी इतरांनाही पटवून देत असे. माझा व्यवसायच हिशेब लिहिण्याचा आहे. कोल्हापुरातल्या काही खानावळींच्या आणि लहान हॉटेलांच्या वह्या माझ्याकडे असतात. पगारपत्रकात वेटरच्या नावापुढचा आकडा वाचून मी कधी थबकलो, तर मालकाचं उत्तर ठरलेलं असे, "पगार कमी असंना, वरची कमाई हाय की त्याला." ते मला पटायचं.

आता पटत नाही. टिप ही गिऱ्हाइकाची खुशी आहे आणि पगार हे मालकाचं देणं आहे. एकाच्या भरवशावर दुसरं कमी करणं अन्याय आहे, या मतावर मी आलो आहे. कसा आलो, ते सांगतो.

आपल्याकडच्या मटणाच्या खानावळीत वाढप्याचं काम ताट मांडून संपत नाही. खरं तर तिथून सुरू होतं. तांबडा संपला, पांढरा आणा, परत तांबडा, भाकरी गरम आहे का, कांदा-लिंबू द्या. रस्सा हवा तेवढा, म्हणजे वाढप्याच्या खेपाही हव्या तेवढ्या. उकळता रस्सा भरलेलं भांडं घेऊन गर्दीतून वाट काढत तो दुपारभर आणि पुन्हा रात्री उशिरापर्यंत फिरतो. रविवारी बाहेर रांग असते. अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या दर्शनाला आलेली बाहेरगावची मंडळी असतात, तीही सढळ हाताने टिप ठेवतात. मी आकडे पाहायचो ते अशा दिवसांचे.

पण कोल्हापूर रोज मटण खात नाही. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खाण्याचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार घरोघरी पाळले जातात. आषाढात खानावळीत उभं राहायला जागा नसते आणि श्रावण लागला की टेबलं रिकामी पडतात. पुढे नवरात्र आहे, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. म्हणजे वेटरची कमाई त्याच्या कामावर ठरत नाही, ती गिऱ्हाइकाच्या वारांवर आणि व्रतांवर ठरते. एका श्रावणात दुपारच्या वेळी मी एका खानावळीत वह्या घेऊन बसलो होतो. माझ्याहून वयाने मोठे असलेले एक वाढपी समोर बसले होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी विचारलं, "मामा, या महिन्यात कसं?" ते म्हणाले, "या महिन्यात पगारावरच भागवायला लागतंय सायेब, आणि पगारात काय भागत न्हाई." बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मी लिहिलेलं पगारपत्रक माझ्याच हातात होतं. चांगल्या कामाला चांगली टिप, हा माझा सिद्धांत त्या आकड्यापुढे उभा राहीना. मामांचं काम आषाढात चांगलं आणि श्रावणात वाईट असं थोडंच होतं? त्यांचं घरभाडं मात्र बारा महिने सारखंच होतं.

त्यानंतर मी इतर गोष्टींकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. गल्ल्यावर क्यूआर कोड आला. खिशातले सुटे पैसे गेले, आणि त्यांच्याबरोबर बशीतली टिपही. बिलाच्या रकमेत वीस-तीस रुपये वाढवून मोबाइलवरून पाठवणारे भले लोक आहेत, पण ते पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात. तिथून ते वाढप्याच्या हाती देणं मालकाच्या मनावर. आणि आत चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या मावशींचं काय? मोरीशी वाकून ताटं घासणाऱ्या बाईंचं काय? ज्या भाकरीची आपण तारीफ करतो ती करणारी बाई आपल्याला दिसतही नाही, मग टिप कुठून मिळणार? काही ठिकाणी टिपेचा डबा असतो आणि रात्री वाटणी होते. बऱ्याच ठिकाणी होत नाही.

हिशेबनीस म्हणून मला सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. टिप कुठल्याही कागदावर येत नाही. भविष्यनिर्वाह निधीची कपात पगारावर, ग्रॅच्युइटी पगारावर. कर्मचारी राज्य विम्यात आजारपणाचा भत्ता मिळतो तो सरासरी वेतनाच्या 70 टक्के. वेतनच थोडं, तर त्याचे 70 टक्के किती होणार? आजारी पडून घरी बसलेल्या माणसाला त्या दिवसांत टिपही मिळत नाही. म्हणजे ज्या कमाईकडे बोट दाखवून पगार कमी ठेवला, ती कमाई नेमकी गरजेच्या वेळी नाहीशी होते.

मालकांच्या या युक्तिवादाला उत्तर फार पूर्वी मिळालेलं आहे, हे मला उशिरा कळलं. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथेही कामगारांना टिप मिळते याकडे व्यवस्थापनाने बोट दाखवलं होतं. 1976 च्या निकालात न्यायालयाने ते मानलं नाही. टिप ग्राहक देतो, ती मालकाने दिलेली रक्कम नाही, तेव्हा तिच्या जोरावर कामगारांचं देणं कमी करता येत नाही. पुढे 2016 मध्ये आयटीसीच्या प्राप्तिकराच्या प्रकरणातही टिप म्हणजे पगार नव्हे, हेच न्यायालयाने सांगितलं. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला अवघे 2.13 डॉलर दिले तरी चालतात, बाकी टिपेतून भरून निघावं अशी सोय आहे, आणि तो आकडा 1991 पासून हललेला नाही. आपल्या कायद्यात अशी सोय नाही. हॉटेल उद्योगाचं किमान वेतन राज्य सरकार ठरवतं, त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि ते पूर्ण वेतन मालकाने स्वतःच द्यायचं आहे.

सेवा शुल्काने हा प्रश्न सुटेल असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. मोठ्या हॉटेलांत बिलातच लावलेलं ते शुल्क वेटरपर्यंत पोहोचतं की नाही, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये परस्पर सेवा शुल्क लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती उचलून धरली, ते योग्यच झालं.

या गावाला तर याहून मोठं उदाहरण आहे. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खावा लागलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हातावर शाहू महाराजांनी बक्षिसी ठेवली नाही. त्यांना भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल काढायला मदत केली आणि गाडी थांबवून स्वतः तिथला चहा घेतला. कुणाच्या मर्जीवर जगावं लागू नये अशी सोय लावून दिली. अशा गावात राहून आपण वाढप्याला बशीतल्या नोटांकडे डोळे लावायला लावतो, याचं मला वाईट वाटतं.

मालकांच्या अडचणी मी जाणतो, त्यांच्याच वह्या लिहितो. मटण महागलं, गॅस महागला, दर वाढवला तर गिऱ्हाईक शेजारी जातं. तरीही एक हिशेब मांडून बघू. समजा, एका खानावळीत दिवसाला 200 थाळ्या जातात आणि वाढपी, भाकरीवाल्या मावशी, भांडीवाल्या बाई धरून आठ माणसं आहेत. थाळीमागे 10 रुपये वाढवले तर रोजचे 2000 होतात. माणशी 250. महिन्याच्या 26 दिवसांचे 6500 रुपये. जी थाळी खायला लोक पुण्या-मुंबईहून येतात, ती 10 रुपयांनी ओस पडणार नाही. आणि शेजाऱ्यानेही कायद्याचं वेतन दिलं तर दराच्या स्पर्धेचा प्रश्नच उरत नाही.

टिप मी बंद केलेली नाही. आजच्या पगारात ती बंद केली तर मार त्या माणसालाच बसेल. मात्र ती आता रोख देतो, थेट हातात देतो, आणि कुणाचा रस्सा उशिरा आला म्हणून कमी करत नाही. ज्यांचे हिशेब माझ्याकडे आहेत त्या मालकांना पगारपत्रकावर सही करण्याआधी किमान वेतनाचा चालू दर दाखवतो. काहींना ते आवडत नाही.

मालकांना माझी विनंती आहे. येत्या श्रावणाआधी पगारपत्रक काढा, टिपेचा विचार बाजूला ठेवा आणि त्या आकड्यात एक घर महिनाभर चालेल का ते बघा. आणि जेवायला जाणाऱ्यांनो, थाळी 10 रुपयांनी वाढली तर ते जरूर द्या, पण ते 10 रुपये वाढप्याच्या आणि मावशींच्या पगारात गेले का, हे गल्ल्यावर विचारल्याशिवाय बाहेर पडू नका.