अण्णांची चेतक

आमच्या वयाच्या पुणेकरांना वडिलांची जन्मतारीख विचारा, जरा अडखळतील. स्कूटरचा नंबर मात्र झोपेतही सांगतील. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 पासून चेतक बाहेर पडू लागली, तरी बुकिंग करणं आणि गाडी दारात येणं यांच्यामध्ये एखाद्या भावंडाचं बारसं, बालवाडी, शाळा असं बरंच काही उरकून जाई. परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे, म्हणून अमेरिकेतल्या मामाला आळीत फार मान. ज्यांना असा मामा नव्हता ते ‘ऑन’, म्हणजे किमतीवरचे जादा पैसे, मोजत, नाहीतर मुकाट वाट बघत.

एवढी वाट बघून आलेली गाडी कुणीच आली तशी ठेवत नसे. पुढेमागे चकचकीत गार्ड, स्टेपनीला रेक्झिनचं कव्हर, धाकट्यासाठी पुढे पाटाएवढी सीट, एका अंगाने बसणाऱ्या आईला पाय ठेवायला पट्टी आणि फूटबोर्डावर जाड रबरी मॅट. हे सगळं झालं की मगच हार आणि नारळ.

रविवारी आमचे वडील, अण्णा, बनियन-पायजम्यात अंगणात बसत. आम्ही भावंडं भोवती, प्रत्येक पाना त्याच्या नंबराने ओळखणारी. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, हॅकसॉच्या पात्याच्या जाडीने फट जमवायची. टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळणार. त्याची काजळी प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये बसणार. सायलेन्सर उतरवला की काका त्यात गरम पाण्यातला कॉस्टिक सोडा ओतून लाकडी गुडदी मारून ठेवत. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, त्यामुळे त्या दिवशी आई घरातली पातेली आधीच फडताळात कुलूपबंद करी.

चेतकचं इंजिन उजव्या बाजूच्या पत्र्याआड बसलेलं. मोटरसायकलच्या इंजिनासारखं त्याला समोरून वारं लागत नाही. म्हणून फ्लायव्हीललाच पाती असतात. ती वारा ओढतात आणि सिलिंडरवर बसवलेलं पत्र्याचं झाकण तो वारा बरोबर सिलिंडरच्या फिन्समधून फिरवतं. ना पाणी, ना रेडिएटर. ‘झाकण न लावता गाडी चालू ठेवायची नाही,’ हा अण्णांचा घरातला एकमेव कायदा, जो आम्ही सगळ्यांनी पाळला.

अण्णा गेल्यावर गाडी जिन्याखाली गेली. गेल्या वर्षी दादाने ती बाहेर काढली आणि आम्ही पुन्हा अंगणात जमलो. आता बसताना गुडघ्याला हात लावून. इंजिनाने फारसा त्रास दिला नाही. पिस्टन रिंगा, ऑइल सील, क्लचप्लेटा, केबली हे सगळं नाना पेठेत अजून मिळतं. हॉर्नवरचं झाकण तेवढं बुधवारच्या जुन्या बाजारात हुडकावं लागलं. खरं दुखणं निघालं ते मॅटखाली. चेतकला वेगळी चौकट नसते, पत्र्याचं अंगच चौकट. मॅटखाली पावसाळ्यांचं पाणी साचत गेलं आणि फूटबोर्ड चाळणी झाला. आईच्या पायांना चिखल लागू नये म्हणून अण्णांनी हौसेने अंथरलेली ती मॅट! पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागला.

मग वाद. पुतण्याचं म्हणणं, गार्ड, पट्टी, छोटी सीट सगळं उतरवा. कारखान्यातून निघाली होती तशी करू, लोक अशाच गाड्यांना मानतात. मला हे पटत नाही. कारखान्यातून निघाली तशी ती आमच्याकडे आठवडाभरसुद्धा नव्हती. तशी गाडी कुणाच्याही घरची असू शकते. पायपट्टीवरच्या ज्या जागी आईची चप्पल टेकायची तिथला मुलामा उडालाय, आणि धाकटी ज्या सीटवर बसून उगाच हॉर्न दाबायची तिच्या रेक्झिनला अण्णांच्या हातचे टाके आहेत. हे उतरवून आपण नेमकं काय जपणार?

रंगावर तर महाभारत झालं. खरवडताना वरच्या राखाडीखाली काकांच्या लग्नातला हिरवा निघाला आणि त्याखाली फिका निळा. ताईला हिरवा हवा होता. शेवटी दादाने आरसी बुक आणलं. त्यात रंग निळा लिहिलेला, आणि रंग बदलायचा तर आरटीओत तशी नोंद करून घ्यायला हवी. त्या रांगेत उभं राहायला कुणीच तयार होईना, म्हणून निळा ठरला. गार्ड आणि पट्टी पुन्हा चढली. मॅटही नवी आणली आहे, फक्त दर पावसानंतर ती काढून वाळत घालायचं काम पुतण्याकडे दिलंय.