बारा आण्यांचा मसाला

चार आणे आणि बारा आणे मिळून बरोब्बर एक रुपया होतो. म्हण लहानपणापासून ऐकतो आहे, पण ही बेरीज अलीकडेच सुचली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. हिशेब इतका नेमका जुळत असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आणणारा तो माणूस उधळ्या ठरतोच कसा? रुपया घेऊन बाजारात गेला, रुपयाचं सामान घेऊन घरी आला. कर्ज काढलं नाही, वाण्याकडे उधारी ठेवली नाही. कदाचित कोंबडी स्वस्तातली घेतली ती मुळी मसाल्याला पैसे उरावेत म्हणूनच. पण म्हण करणाऱ्यानं त्याला विचारलेलं दिसत नाही. शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी पिशवीत डोकावलं असेल, मनातल्या मनात भागाकार केला असेल आणि हसलं असेल.

मला ही म्हण ऐकवणारे हल्ली पुष्कळ झालेत. गेटवेसमोर बोयाला बांधलेली माझी मोटरयॉट छत्तीस फुटांची आहे, फायबरची, १९८० च्या दशकात तैवानमध्ये बांधलेली. माझ्या आधी तिचे तीन मालक झाले. मी मोजलेल्या पैशांत दक्षिण मुंबईत धड पार्किंगची जागा आली नसती. ‘यॉट’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे कपडे आणि उंच पेले येतात. सुटीच्या दिवशी मी बहुतेक वेळ इंजिनाच्या खोलीत पालथा पडलेला असतो, एक हात खांद्यापर्यंत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि नुकताच निसटलेला नट त्या काळ्या पाण्यात नेमका कुठं गेला याचा अदमास घेत. हे सांगितलं की समोरचा हमखास कोंबडीवर येतो.

आमच्या घरात ही म्हण सगळ्यात जास्त वापरायची ती सावंतवाडीची आत्या. गंमत अशी की मसाल्यावर तिच्याइतका खर्च आळीत कुणी करत नसे. वैशाखात तिच्या अंगणात चटया पडायच्या. त्यांवर मिरच्या, धणे, हळकुंडं. मग लवंग, मिरी, दालचिनी, बडीशेप, दगडफूल, जायपत्री हे वेगवेगळं भाजायचं, कारण एकत्र भाजलं तर एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. पाऊस यायच्या आत सगळं कुटून बरणीत, वर हिंगाचे खडे, तोंडाला फडकं. तो मसाला कोंबडीसाठी नव्हताच. वर्षभर तो काळ्या वाटाण्याच्या उसळीत पडायचा, आमटीत पडायचा, पाहुणा आला की जरा जास्त पडायचा. आता त्यातला कोंबडीच्या वाट्याला आलेला मसाला किती आण्यांचा, हे कसं काढायचं? चमच्यावर? वाटीवर? आणि उन्हात बसून मिरच्यांची देठं खुडणाऱ्या आत्याची मजुरी कुठं धरायची?

शिवाय कोंबडी. आमच्याकडे कापली जायची ती अंडी घालायची थांबलेली. बाजारात तिला भाव नाही. ती शिजता शिजत नसे. आत्या तिच्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकायची आणि चुलीत लाकडं सारत राहायची. कोवळ्या, महागड्या कोंबडीला मीठ-हळदही पुरते. मसाला, जाळ आणि वेळ लागतो तो जुन्या कोंबडीला. म्हणजे स्वस्त कोंबडी आणि महाग मसाला हे माणसाच्या मूर्खपणानं जमलेलं जोडपं नसेल, कोंबडीच्या वयानं जमलेलं असेल. असं मी मनाशी म्हणतो खरा. पण मग जुनी कोंबडी घ्यायला सांगितली कुणी, हा आत्याच्या आवाजातला प्रश्नही लगेच ऐकू येतो.

आणखी एक. चार आण्यांचं नाणं होतं, पावली. आठ आण्यांची अधेली होती. बारा आण्यांचं नाणं कधीच नव्हतं. कोंबडीचे पैसे एका नाण्यात फेकून मोकळं होता यायचं. मसाल्याचे मात्र सुट्ट्या नाण्यांत, मोजूनच द्यावे लागायचे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले, आणि ३० जून २०११ ला पंचवीस पैसेही चलनातून गेले. कोंबडीचं नाणं बंद पडलं, तरी सुट्ट्यांत मोजणं काही चुकत नाही. बोटीची किंमत मी एका चेकनं दिली. तिचा मसाला फिल्टर, होज क्लिप, ग्लँडचं पॅकिंग, झिंक, पंपाचा इम्पेलर असा सुट्ट्यांत जातो आहे. एकेक पावती इतकी क्षुल्लक असते की तिच्यावरून भांडण काढायचं म्हटलं तर बायकोलाही जड जातं.

इम्पेलर म्हणजे समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातलं रबरी चक्र, तळहातावर मावेल एवढं. पंपाचं पितळी झाकण काढलं की ते दिसतं. परवा काढलं तर दोन पाती मुळातून गायब. नवीन इम्पेलर बसवणं दहा मिनिटांचं काम, पण मिस्त्री बसवू देईना. तुटलेलं रबर सापडल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, हा त्याचा नियम. ते पाण्याबरोबर पुढं जातं, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतं, आणि मग भर समुद्रात इंजिन तापतं. दुपारभर एकेक पाइप सोडवला. सापडलेले तुकडे वर्तमानपत्रावर मांडून त्यानं दोन्ही पाती जुळवली. एका पात्याचा कोपरा, नखाएवढा, कमी होता. तोही शेवटी एका नळीत निघाला, मिठाच्या खपलीखाली. तो कदाचित मागच्या मालकाच्या काळातला असेल, असं मिस्त्री म्हणाला, पण मापात बसला म्हणून मानला.

पाती तुटली का, तर बोट उभी होती म्हणून. रबराचं चक्र न फिरता महिनोन्‌महिने राहिलं की पाती वाकलेली ती वाकलेलीच राहतात आणि पहिल्या फेऱ्यात मोडतात. टाकीत डिझेल पडून राहिलं की दमट हवेचं पाणी तळाशी साचतं आणि त्या पाण्याच्या कडेला जंतूंचा काळा चिकटा धरतो. बोट चालवली तर झिजते, ठेवली तर त्याहून लवकर खराब होते. कोंबडी शिजवलीच नाही तरी मसाला लागतोच, अशा घराबद्दल म्हण काही बोलत नाही.

ससून डॉकला उभ्या असलेल्या ट्रॉलरच्या मालकाला ही म्हण कुणी ऐकवताना मी पाहिलेलं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत बोटी वर ओढायच्या, तळ खरवडायचा, इंजिन उघडायचं, नारळी पौर्णिमेच्या आत रंग झाला पाहिजे. खर्च माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पण ती बोट कमावते, म्हणून तो खर्च धंद्यात जमा. माझी बोट मांडव्याला जाते आणि परत येते. फार तर मुरुड. तेव्हा म्हणीचा राग खर्चावर नसून बिनकामाच्या वस्तूवर आहे, असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात ओळखीचे एक नाखवा म्हणाले की डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा गेला की अलीकडे हातात काही राहत नाही. मग बोट ठेवता कशाला, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढं काही बोललो नाही.

दुरुस्तीपर्यंत ठीक, सुधारणेचं प्रकरण निराळं. जुन्या बॅटऱ्या काढून लिथियमच्या बसवल्या. त्या इतक्या अधाशीपणे करंट ओढतात की जुना अल्टरनेटर तापून बसला. नवा मोठा अल्टरनेटर घेतला. त्याला वेगळा रेग्युलेटर, जाड पट्टा, नवी ब्रॅकेट. केबिनमध्ये स्वस्तातले एलईडी दिवे लावले, तर ते पेटवले की व्हीएचएफ रेडिओवर खरखर. अंधारात बोलायचं किंवा उजेडात गप्प बसायचं. अशा वेळी मला रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही आठवतात आणि थोडं बरं वाटतं. त्या काळी लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. खाऱ्या पाण्यात तांबं झिजायचं, म्हणून १८२४ मध्ये डेव्हींनी त्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच तळाला शेवाळ आणि शिंपले धरत नव्हते. विरघळणं थांबल्यावर तळावर जंगल माजलं, जहाजं मंदावली, आणि नौदलानं तो उपाय गुंडाळला. माझ्या शाफ्टवर आज जे झिंक आहे ते त्याच कल्पनेचं. खाल्लं जाणं हेच त्याचं काम. ते अर्धं झालं की नवीन बसवायचं, आणि ते खाल्लं गेलं नाही तर काळजी करायची.

जुन्या जहाजांचा विषय निघाला की मी ‘त्रिंकोमाली’वर जातो, तेव्हा आता गेलोच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानात बांधलेलं हे ब्रिटिश नौदलाचं जहाज. त्याचे पहिले नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते; १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकनांनी ‘जावा’ला गाठलं आणि नकाशे तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून बांधणी सुरू झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. पण ज्याच्याशी लढायचं तो नेपोलियन १८१५ मध्येच हरला होता. नवंकोरं जहाज इंग्लंडला पोहोचलं, आणि पुढची पंचवीसएक वर्षं त्याला काम नव्हतं. बंदरात छप्पर घालून ठेवून दिलं.

माझं मन अडकतं ते या वर्षांत. पुढच्या सफरींची वर्णनं पुस्तकांत सापडतात, पण त्या छपराखालच्या दिवसांत मुंबईचं ते सागवान पावसापासून वाचवायला कुणीतरी येत असणार. तळातलं पाणी उपसत असणार, कुठं ओल धरली का ते बघत असणार. त्याचा साहेब वरच्या साहेबाला लिहीत असेल की या जहाजाची गरज काय. ते वाचलं, त्यामागे सागवान चिवट होतं हे आहे, आणि दर वर्षी निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला गेला हेही असेल. पुढं ते सरावाचं जहाज झालं, मुलांच्या शिक्षणाचं झालं, मधल्या काळात नावही बदललं. १९९० ते २००१ या काळात इंग्लंडमधल्या हार्टलपूलला त्याची डागडुजी झाली. बांधायला सुमारे २३ हजार पौंड लागले होते. डागडुजीला एक कोटीच्या वर. दोनशे वर्षांतली महागाई मध्ये घातली तर हे प्रमाण काय निघेल, ते मी कागदावर मांडायला गेलो आणि सोडून दिलं. ते आजही तिथं पाण्यावर आहे, लोक तिकीट काढून बघतात. म्हणजे अखेरीस कमावतंच की, असं म्हणावं का? मग मला नाखवांचा चेहरा आठवतो.

माझ्या बोटीला कुणी तिकीट काढून येणार नाही. सागवान वगैरे तर लांबच. फायबर आहे, आणि डेकवरच्या सागाच्या पट्ट्यांच्या स्क्रूंमधून पाणी मुरून खालचं प्लायवूड दोन ठिकाणी दाबलं की दबतं. ते काम अजून काढलेलंच नाही, कारण त्याआधी इंजिनांचा प्रश्न आहे. दोन पर्किन्स, ६.३५४ मॉडेल: सहा सिलिंडर, ३५४ घनइंच. याच कंपनीची इंजिनं मद्रासच्या सिम्प्सननं वर्षानुवर्षं बनवली, त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट असं काहीबाही ट्रकच्या सुट्या भागांच्या जुन्या दुकानांत अजून निघतं, आणि जे तिथं निघत नाही ते कधी कधी दारूखान्याच्या जहाजभंगारात. मिस्त्रीचं म्हणणं, “साहेब, हे कानानं कळतं. नव्याला लॅपटॉप लागतो. खांदेरीच्या बाहेर लॅपटॉपवाला कुठून आणू?” मुलीचं म्हणणं, सकाळी चालू करताना जो धूर निघतो तो बघून मांडव्याच्या जेट्टीवरची माणसं रुमाल लावतात, आणि तुझ्या छंदाचा मसाला त्यांनी का खावा. दोघांचंही पटतं. नवीन इंजिनं घ्यायची तर बेड बदलायचे, शाफ्ट बदलायचे, बहुधा प्रोपेलरही. आणि मग तळ सोडून जुनं उरणार काय, तर पावसाचं पाणी पिणारा डेक. न घ्यावीत तर एखाद्या भागापायी बोट दोन हंगाम बोयावर उभी राहणार, आणि उभ्या बोटीचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आत्या असती तर तिनं एका वाक्यात निकाल दिला असता. पण तिची बरणीही डोळ्यांसमोर येते, आणि मग तिनं नेमका कुणाच्या बाजूनं दिला असता ते सांगता येत नाही. तूर्त नव्या इंजिनांचं कोटेशन टेबलावर आहे. मुदत महिनाअखेरपर्यंत, बसवण्याची मजुरी आणि जीएसटी वेगळा.