करार संपला म्हणे

पाचवा महिना लागला होता आणि मला सांगण्यात आलं, ‘करार संपतोय, पुढं वाढवायचा नाही.’ कारण विचारलं तर ‘वरून आलंय’. हाच अकरा महिन्यांचा करार दरवेळी दोन दिवसांचा खंड दाखवून गेली चार वर्षं बिनबोभाट वाढत होता. खासगी कार्यालयात हिशेबाचं काम, पगार तेवीस हजार, राहायला जुळे सोलापुरात, घराचा हप्ता चालू. बाकीचं ज्याचं त्याला कळेल.

शेवटच्या पंधरवड्यात माझ्या शेजारी एक नवी मुलगी बसवली. तिला सगळं शिकवायचं. टॅलीतल्या नोंदी, जीएसटीची विवरणपत्रं, कोणती पार्टी उशिरा पैसे देते, कुणाला फोन करून उपयोग नाही, सगळं. शिकवलं. पोरगी हुशार होती, तिच्यावर राग धरून काय करायचं? एकदा डबा खाताना तिनेच सांगितलं, मुलाखतीत तिला पहिला प्रश्न होता, ‘लग्नाचं काय ठरलंय?’ माझा घास तिथेच अडकला.

आणि शेवटचा दिवस. केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं, अगदी मायेने विचारपूस केली. ‘तुमच्याच तब्येतीसाठी म्हणतोय, आमच्याही घरात लेकीबाळी आहेत.’ मग कागद पुढे सरकवला. दोन प्रती, माझं नाव छापलेलं, तारीख घातलेली, मजकूर एका ओळीचा: मी स्वेच्छेने काम सोडत आहे. शेजारी माझ्या शेवटच्या पगाराचा चेक, पेपरवेटखाली ठेवलेला. सही केली की तो मिळणार. घरी नेऊन वाचते म्हटलं, तर कागद बाहेर न्यायचा नाही. एका ओळीत वाचण्यासारखं काय आहे, असंही विचारलं. तो चेक मला स्पष्ट दिसत होता, रक्कमसुद्धा. मी सही केली नाही. चेक पुढे महिनाभराने आला, तोही तीन फोन केल्यावर. काढून टाकायचं तर सरळ काढून टाका. माझ्याच हाताने ‘स्वेच्छेने’ लिहून घ्यायचं, हे अजून पचत नाही.

सही न करण्याचं बळ आईमुळे आलं. आईने सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं विड्या वळल्या. पान, तंबाखू, सूत घरी आणायचं, वळलेल्या विड्या कारखान्यात न्यायच्या, तिथे छाट म्हणून मूठमूठ बाजूला काढल्या तर भांडायचं, आणि पुस्तकावर नोंद झाल्याशिवाय हलायचं नाही. दिवस गेल्याचं मी तिला सांगितलं तेव्हा आनंद झाल्यावर तिचं दुसरं वाक्य होतं, ‘हापिसात लिहून दे. तोंडाच्या बोलाला काय पुरावा असतंय व्हय?’ म्हणून मी अर्ज दिला होता आणि पोच घेतली होती. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही बाळंतपणाचा लाभ लागू केला. धाकट्या भावाच्या वेळी आईला बारा आठवड्यांचे पैसे मिळाले होते. उंबऱ्यात सूप घेऊन बसलेल्या बाईला जे मिळालं, ते संगणकापुढे बसलेल्या तिच्या लेकीला नाकारलं गेलं.

कायदा माझ्या बाजूने होता. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. गरोदरपणात कामावरून काढलं तरी तेवढ्याने लाभ बुडत नाही. आणि कराराचं म्हणाल तर डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितलं आहे की, कराराची मुदत संपली तरी हा लाभ संपत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या, त्यातही २६ आठवडे कायम आहेत.

पण एक गोष्ट मला राहून राहून छळते. एकवीस हजारांच्या आत पगार असता तर मी ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, बसले असते आणि पैसे महामंडळाने दिले असते. तेवीस हजार असल्यामुळे सहा महिन्यांचे सव्वा लाखाच्या वर एकट्या मालकाच्या अंगावर. हिशेब मीच ठेवत होते, तिथली ओढाताण मला माहीत आहे. मग रागाच्या भरातही वाटतं, मालक बाई नको म्हणणारच. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असं मत मांडलं होतं. शंभर वर्षं होत आली. तो भार सरकारने घेतला असता तर त्या मुलीला लग्नाचं विचारलं गेलं नसतं, असं मला वाटतं. मात्र म्हणून त्या कागदाला माफी नाही. पैसे नाहीत म्हणणं वेगळं, आणि खोटं लिहून घेणं वेगळं.

कामगार खात्याकडे तक्रार दिली आहे, तारखा चालू आहेत. मुलगी झाली, ती आता रांगते. बायांनो, दिवस गेल्याचं कार्यालयात लेखी कळवा, पोच घ्या, आणि पुढे केलेल्या कागदावर कोणी कितीही मायेने बोललं तरी तिथल्या तिथे सही करू नका.